दिवा लागतो, पण किती वेळ?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नगर शहरातल्या एका सभागृहात शाळांच्या विज्ञान प्रकल्पांचा बक्षीस समारंभ होता. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. खाली दुकाने, मधल्या मजल्यावर क्लासच्या खोल्या, आणि वर येण्याजाण्यास एकच वळणाचा जिना. पडद्यावरची चित्रे नीट दिसावीत म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावले होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वीज गेली. दरवाजावर बसवलेला आणीबाणीचा दिवा तत्क्षणी लागला आणि मुलांनी टाळ्या वाजवून त्याचे स्वागत केले. मला उगीचच घड्याळाकडे पाहण्याची खोड आहे. चौदा मिनिटांनी तो दिवा विझला. मिणमिणला नाही, तांबूस झाला नाही, एकदम विझला. जिन्याच्या वळणावर तर दिवा बसवलेलाच नव्हता. मग मोबाइलच्या उजेडात एकेका शाळेची मुले खाली उतरवली. एका मुलाच्या आजीचा पाय शेवटून दुसऱ्या पायरीवर चुकला व घोटा मुरगळला. तेवढ्यावरच निभावले.

सभागृहाचे व्यवस्थापक ओशाळले होते. म्हणाले, "सर, दिवा बिघडलेला नाही हो. मागच्याच महिन्यात आमच्या वायरमनने बटण दाबून पाहिला आहे."

ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. वायरमननेही आपले काम केले होते. फक्त त्याने दिव्याला जो प्रश्न विचारला तो चुकीचा होता. "तू लागतोस का?" असे त्याने विचारले, दिव्याने "लागतो" असे खरे उत्तर दिले. "तू किती वेळ जळतोस?" असे कोणी विचारलेच नाही. विद्यार्थिमित्रांनो, माझे आजचे सारे म्हणणे या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या व्यापारी संकुलांत, लॉजमध्ये, मंगल कार्यालयांत, रुग्णालयांत आणि आपल्या शाळांतही हा प्रश्न दरवर्षी, मुख्य वीज प्रत्यक्ष बंद करून, विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर मिनिटांत लिहून सर्वांना दिसेल असे टांगले पाहिजे, असे माझे मत आहे.

अंधाराला रात्र लागत नाही

आणीबाणीचा दिवा म्हणजे वीज गेल्यावर अभ्यास करण्याचा दिवा नव्हे. बाजारात दोन्हींना आपण 'इमर्जन्सी' म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. ज्या दिव्याविषयी मी बोलतो आहे त्याचे काम एकच: माणसाला जिथे असेल तिथून उघड्या रस्त्यापर्यंत पोहोचवणे. जिना कुठे आहे, पायरी कुठे संपते, दार कोणत्या बाजूला आहे, अग्निशामक नळकांडे कुठे टांगले आहे, एवढे दाखवले की त्याचे काम झाले.

आपल्या जिल्ह्याने आगीचे दुःख फार जवळून पाहिले आहे. ६ नोव्हेंबर २०२१ हा भाऊबीजेचा दिवस होता. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला सकाळी अकराच्या सुमारास आग लागली. विभागात १७ रुग्ण होते. त्यांतले ११ जण त्या दिवशी दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीस, मध्यरात्र उलटल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विभागात आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली होती. ७ बालकांना वाचवता आले. भंडाऱ्याच्या घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले, आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच नगरची घटना घडली.

या दुर्घटनांचे खापर मी दिव्यांवर फोडत नाही. अतिदक्षता विभागातला रुग्ण कितीही उजेड असला तरी स्वतः उठून चालू लागत नाही, आणि पाळण्यातले बालक तर नाहीच. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. तपासणीचा आदेश निघणे आणि प्रत्येक यंत्रणा प्रसंगी चालणे यांत पुष्कळ अंतर असते, ही पहिली. दुसरी अशी की नगरची आग भर सकाळी लागली होती. बाहेर लख्ख ऊन असले तरी आग लागलेल्या इमारतीत काही मिनिटांत रात्र होऊ शकते. धुराचे कण प्रकाश शोषतात व विखुरतात. धूर दाट होत जातो तसा प्रकाश थोडाथोडा नव्हे, पटीपटीने कमी होतो. एका हाताच्या अंतरात निम्मा, दोन हातांत पाव, तीन हातांत आठवा हिस्सा, असा. शिवाय गरम धूर वर चढून छताखाली थर धरतो, आणि आपल्याकडचे झाडून सारे दिवे छतालाच टांगलेले असतात!

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातली आगही दिवसाचीच होती. १३ जून १९९७ रोजी दुपारचा खेळ चालू असताना तळमजल्यावरच्या वाहनतळातील ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली. धूर जिन्यावाटे वर चढला, वीज गेली, आणि प्रेक्षागृह अंधारात बुडाले. आणीबाणीचे दिवे नव्हते. जादा खुर्च्या बसवण्यासाठी बाल्कनीतली एक वाट बंद केलेली होती. ५९ माणसे मेली, बहुतेक गुदमरून. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. न्यायालयांत हा खटला वर्षानुवर्षे चालला. त्यात खुर्च्यांच्या रांगा, दारांच्या कड्या आणि हे नसलेले दिवे यांची बारीकसारीक चर्चा झाली. माणसे मेल्यावर दिव्यांची इतकी बारकाईने मोजणी होते. मरण्यापूर्वी होत नाही.

डोळ्याला वेळ लागतो

"अंधाराला डोळे सरावतील की!" असे कोणी म्हणेल. सरावतात, पण किती वेळाने?

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली एकदोन सेकंदांत रुंदावू लागते. पण त्याने आत येणारा प्रकाश फार तर दहा-पंधरा पट वाढतो. खरे काम दृष्टिपटलात होते. तेथे शंकूपेशी आणि दंडपेशी अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. मंद उजेडात दंडपेशी कामी येतात. लख्ख उजेडात या दंडपेशींतले ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य विरून गेलेले असते; ते पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हातारपणी बाहुली लहान राहते आणि ही क्रियाही मंदावते. सभागृहातल्या त्या आजींचा पाय का चुकला आणि नातवाचा का नाही, याचे उत्तर इथे आहे.

म्हणून आणीबाणीचा दिवा वीज जाताच, डोळा सरावण्याची वाट न पाहता, आपोआप लागला पाहिजे. त्याची रचना मोठी मजेदार असते. मुख्य वीज चालू असते तोवर तिच्यावर चालणारा एक विद्युत्चुंबक, म्हणजे रिले, दिव्याचा मार्ग तोडून धरतो, आणि त्याच विजेवर बॅटरी हळूहळू भारित होत राहते. वीज गेली की चुंबकाचे बळ संपते, स्प्रिंग आपले काम करते आणि बॅटरीचा मार्ग जुळतो. दिवा लावायला वीज लागत नाही, वीज नसणे लागते! (हल्ली रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर आले आहेत, पण युक्ती तीच.)

आपल्या देशाच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने याबाबत बऱ्याच गोष्टी ठरवून दिल्या आहेत. सुटकेच्या वाटेवर, मधोमध, जमिनीवर निदान १० लक्स इतका प्रकाश पडावा. चांगल्या वर्गात बाकावर ३०० लक्सच्या आसपास असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास, यावरून १० लक्स म्हणजे किती ते ताडा. हे दिवे नेहमीच्या दिव्यांपेक्षा स्वतंत्र अशा वीजस्रोतावर चालावेत. बोळ जिथे एकमेकांना मिळतात तिथे, वाट वळते तिथे, प्रत्येक जिन्याजवळ, बाहेरच्या दारापाशी आणि दाराच्या बाहेरही दिवा असावा. तो होईल तितका खाली बसवावा, मात्र डोक्याला लागू नये म्हणून जमिनीपासून दोन मीटरपेक्षा खाली नको. आणि तो सलग दीड तास जळावा.

दीड तास कशासाठी? दुमजली दुकान रिकामे व्हायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण सारेच पाच मिनिटांत बाहेर पडत नाहीत. कोणी लिफ्टमध्ये अडकतो, कोणी मुलाला शोधायला परत फिरतो, कोणाला उचलून आणावे लागते. आणि अग्निशमन दलाचे जवान तर सगळे बाहेर पडत असताना आत शिरतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २६ फेब्रुवारी १९९३ रोजी तळघरात बॉम्बस्फोट होऊन ६ माणसे ठार झाली. वीज तर गेलीच, आणीबाणीची व्यवस्थाही स्फोटाने निकामी केली. हजारो लोक धुराने भरलेल्या काळोख्या जिन्यांतून तासन्‌तास उतरत होते. त्यानंतर तिथल्या जिन्यांत बॅटरीवरचे दिवे बसवले गेले आणि पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारा रंग लावला गेला. २००१ साली त्याच जिन्यांवरून हजारोंनी उतरून प्राण वाचवले, त्यात या दिव्यांचा आणि रंगाचा वाटा होता.

बॅटरी कशी फसवते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बटण दाबल्यावर लागणारा दिवा चौदा मिनिटांत का विझावा?

अशा दिव्यांत बहुधा शिशाची बंदिस्त बॅटरी असते. काहींत निकेल-कॅडमियमची, नव्यांत लिथियमची. शिशाच्या बॅटरीतून वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच भारित केले तर ते पुन्हा विरघळते. पण बॅटरी रिकामी तशीच पडून राहिली तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या, टणक स्फटिकांत बदलतात आणि मग ते विरघळता विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कामातून गेला. उन्हाळ्याने आतले पाणीही आटते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, दारावरच्या पेटीत त्याहून अधिक. कंपनीने छापलेले आयुष्य थंड खोलीतले असते, हे कोणी सांगत नाही.

गंमत अशी की अशी म्हातारी बॅटरीही व्होल्टमापक लावला तर पुरेपूर दाब दाखवते. क्षणभर दिवाही झकास लावते. थकलेला माणूस खुर्चीवर बसला असता धट्टाकट्टा दिसावा, तसे हे आहे. त्याला डोंगर चढायला लावल्याशिवाय दम कळत नाही. त्यातून जुने तारेचे बल्ब निदान इशारा तरी देत: विझण्यापूर्वी पिवळे पडत, मग लाल. आताचे एल.ई.डी. दिवे कमी विजेवर जास्त वेळ जळतात हे खरे, पण पुष्कळांतले विद्युत्मंडल शेवटपर्यंत प्रकाश सारखा ठेवते आणि बॅटरी एका मर्यादेखाली गेली की एकदम तोडते. सभागृहात झाले ते हेच.

पूर्वी कंदील होता. रोज दिवेलागणीला आजी काच पुसायची, वात कापायची, रॉकेल भरायची. कंदिलाची परीक्षा रोज संध्याकाळी होत असे, कारण रोज त्याची गरज पडत असे. आणीबाणीच्या दिव्याचे दुर्दैव हे की तो कधीच लागू नये अशी आपली इच्छा असते, आणि म्हणून तो बिघडला तरी कळत नाही.

म्हणून अमेरिकेत असा नियम आहे की दर महिन्याला तीस सेकंद दिवा लावून पाहायचा, आणि वर्षातून एकदा तो सलग नव्वद मिनिटे जाळून पाहायचा. ब्रिटनमध्येही दरमहा थोडा वेळ आणि वर्षातून एकदा पूर्ण मुदतीची परीक्षा. तिथे ही मुदत बहुधा तीन तासांची असते. महिन्याच्या परीक्षेत बल्ब, रिले, तारा यांचे दोष कळतात. बॅटरीचा दम कळतो तो वार्षिक परीक्षेतच. आपण पहिली घटक चाचणी कशीबशी देतो आणि वार्षिक परीक्षेला बसतच नाही.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे"

हे मी बोलू लागलो की दुकानदार मंडळींकडून दोन उत्तरे हमखास येतात.

पहिले: "अहो, आमच्याकडे वीज इतकी जाते की रोजच चाचणी होते!" भारनियमनाच्या वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांनी अंधाराची जी सवय करून घेतली तिला तोड नाही, आणि हे उत्तर अगदीच पोकळ नाही. दिवा लागतो की नाही हे त्यातून खरोखर कळते. पण वीज वीस मिनिटांनी येते, कधी दोन तासांनी. दिवा केव्हा विझला ते कोणी लिहून ठेवत नाही. उलट वारंवार वीज जाण्याने बॅटरी अर्धवट रिकामी राहते आणि लवकर मरते. जिथे वीज फार जाते तिथे परीक्षा अधिक काटेकोर हवी. आणि कित्येक ठिकाणी 'बॅटरी उगीच संपते' म्हणून रात्री दुकान बंद करताना या दिव्याची पिन काढून ठेवतात, हेही मी पाहिले आहे!

दुसरे उत्तर इन्व्हर्टरचे. इन्व्हर्टर चांगली वस्तू आहे, माझ्याही घरी आहे. परंतु कापड बाजारातल्या एखाद्या जुन्या संकुलात जाऊन पाहा: इन्व्हर्टर असतो दुकानदाराचा, त्यावर चालतो त्याचा पंखा, त्याचा संगणक, गल्ल्यावरचा दिवा. जिन्याचा दिवा असतो सर्वांच्या सामाईक मीटरवर, आणि सामाईक म्हणजे कोणाचाच नाही. गिऱ्हाईक दुकानातून उजेडात निघते आणि अंधाऱ्या जिन्यात पडते. शिवाय इन्व्हर्टरच्या तारा त्याच भिंतींतून, त्याच छतावरून जातात. एका ठिकाणी तार वितळून शॉर्ट झाली की सगळेच दिवे जातात. प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची बॅटरी असली तर एक दिवा गेला तरी शेजारचा जळत राहतो. मोठ्या इमारतींना मध्यवर्ती बॅटरीही चालते, पण मग तारा आगीत टिकणाऱ्या आणि वेगळ्या वाटेने नेलेल्या हव्यात. जनरेटरचे म्हणाल तर तो सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात आणि त्याची खोली तळघरात असली तर आगीत तोच आधी अडचणीत येतो.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती शिर्डीची. आपल्या जिल्ह्यात अनोळखी इमारतीत रात्र काढणारी माणसे सर्वांत जास्त कुठे असतील तर तिथे. देशाच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबे येतात. रात्री उशिरा उतरतात, लिफ्टने तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जातात, सामान टाकून झोपतात आणि पहाटे काकड आरतीला उठून त्याच लिफ्टने खाली येतात. जिना कुठे आहे हे त्यांनी पाहिलेलेच नसते! बरोबर म्हातारीकोतारी, कडेवर मूल, आणि भिंतीवरची पाटी कदाचित वाचता न येणाऱ्या भाषेत. रोज त्याच इमारतीत राहणारा माणूस चाचपडत का होईना वाट काढील. पाहुण्याचा सगळा भरवसा त्या एका हिरव्या दिव्यावर असतो. (जवळच शनिशिंगणापूरला घरांना दारेच नसण्याची प्रथा आहे. तिथे दार शोधण्याचा प्रश्न सुटला, पण जिन्याचा नाही.)

सुस्थितीत म्हणजे काय?

आपल्या राज्यात याबाबत कायदा नाही असे नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो त्यांच्या मालकांनी वा भोगवटादारांनी दर जानेवारीत आणि दर जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून 'नमुना ब' मधले प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचे असते. यंत्रणा सुस्थितीत व कार्यक्षम आहे, असा त्याचा आशय. म्हणजे वर्षातून दोनदा कोणीतरी जाणकार माणूस त्या दिव्याखाली उभा राहतोच.

माझे म्हणणे एवढेच की 'सुस्थितीत' या शब्दाच्या जागी आकडा लिहावा. दोनांपैकी एका खेपेस दिवा पूर्ण दीड तास जाळावा आणि निकाल मिनिटांत नोंदवावा. आणि तो आकडा कचेरीच्या फाइलीत नको, दिव्याखालीच, तळहाताएवढ्या पाटीवर हवा: चाचणीची तारीख, जळला इतकी मिनिटे. अग्निशामक नळकांड्याच्या गळ्यात भरल्याच्या तारखेची चिठ्ठी असते ना, तशी. मग शिर्डीच्या लॉजवर उतरलेला पाहुणाही ती वाचू शकेल, आणि 'दिनांक: २०१९' पाहून दुसरे लॉज शोधू शकेल. धंद्याच्या स्पर्धेला अशी कामे चांगली जमतात.

यात एक खरी अडचण आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. दीड तासाची परीक्षा झाल्यावर बॅटरी रिकामी होते व पुन्हा पूर्ण भरायला सुमारे चोवीस तास लागतात. त्या मुदतीत इमारत उघडी पडते. लॉजला तर सुटी नसतेच. तेव्हा एकाआड एक दिव्यांची परीक्षा दोन वेगळ्या दिवशी घ्यावी लागेल, किंवा बाजार बंद असतो त्या दिवशी. खर्चही आहे: दहा दिवे तपासले तर त्यांतले चार-पाच नापास होतील आणि नव्या बॅटऱ्या घ्याव्या लागतील. माझ्या मते परीक्षा टाळण्याचे खरे कारण हेच आहे. न तपासलेला दिवा कागदावर पास असतो, तपासलेला नापास होऊ शकतो.

शाळेत करून पाहा

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम सुरू करायला सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. शाळेत किंवा गावच्या ग्रंथालयात असा एखादा दिवा असेलच. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, वायरमनकडून (मुलांनी स्वतः मेन स्विचला हात लावायचा नाही, दिव्याची पेटी उघडायची नाही) शनिवारी शाळा सुटल्यावर वीज बंद करून घ्या. एक मुलगा घड्याळ सांभाळील, एक मुलगी दर दहा मिनिटांनी वहीत नोंद करील. दिव्यापासून किती अंतरावर वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात हेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिव्याची तीच नोंद घेतली की बॅटरीचे वय वाढणे आलेखावर दिसेल.

आणि प्रकाश १० लक्स आहे की नाही हे कसे मोजायचे? हल्ली मोबाइलमध्ये लक्स दाखवणारी सोय मिळते, ती ढोबळ अंदाजाला ठीक. पण मला बुन्सेनची जुनी युक्ती अधिक आवडते, कारण तिच्यात काय चालले आहे ते कळते. एका पांढऱ्या जाड कागदाच्या मध्यावर गोडेतेलाचा रुपयाएवढा डाग पाडा. साधी मेणबत्ती एक मीटर अंतरावर सुमारे १ लक्स प्रकाश देते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो; म्हणून दहापट प्रकाश हवा तर मेणबत्ती १ भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटरवर आणली पाहिजे. आता कागदाची एक बाजू आणीबाणीच्या दिव्याकडे करून तो पायरीजवळ, जमिनीलगत धरा आणि दुसऱ्या बाजूला ३२ सेंटिमीटरवर, पाण्याच्या ताटलीत उभी केलेली मेणबत्ती ठेवा. दुसरा कोणताही उजेड नको. मेणबत्तीच्या बाजूने डागाकडे पाहा. डाग भोवतालच्या कागदापेक्षा उजळ दिसला तर दिव्याचा प्रकाश १० लक्सहून अधिक. काळपट दिसला तर कमी. डाग दिसेनासा झाला तर बरोबर दहा. (कपडे व केस ज्योतीपासून दूर, आणि शिक्षक जवळ, हे सांगायला नकोच.) एक सूचना: संहितेतला आकडा आडव्या जमिनीवरचा आहे आणि आपण कागद दिव्याकडे तोंड करून धरतो, त्यामुळे आपले उत्तर थोडे उदार येईल. उदार मापानेही दिवा नापास झाला, तर मग बोलायलाच नको.

पायऱ्यांच्या कडांना चमकणाऱ्या पट्ट्या लावण्याचा प्रयोगही करण्यासारखा आहे. आताच्या पट्ट्यांत स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. जुन्या घड्याळांच्या काट्यांवरच्या झिंक सल्फाइडपेक्षा ते कितीतरी जास्त वेळ चमकते. त्याला बॅटरी नाही, तार नाही. मात्र दिवसा त्या जिन्यात पुरेसा उजेड असला तरच ते रात्री उजेड परत देईल. कायम काळोख्या जिन्यात ती पट्टी म्हणजे नुसता चिकटवलेला कागद.

त्या सभागृहात मी गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. जिन्याच्या वळणावर आता एक दिवा बसला आहे. दरवाजावरचा दिवा तोच आहे. त्याच्या खाली भिंतीवर कोणा विद्यार्थ्याने खडूने '१४ मिनिटे' असे लिहून ठेवले आहे. व्यवस्थापकांनी ते पुसलेले नाही. "नवी बॅटरी सांगितली आहे, सर. ती आली की तुम्हीच घड्याळ घेऊन या," असे ते म्हणाले. येत्या शनिवारी जायचे ठरले आहे.